प्रेक्षणीय

प्रवाशांसाठीं छापलेल्या पुस्तिकांत 'प्रेक्षणीय' हा शब्द इतक्या सढळ हातानें वापरलेला असतो, कीं त्याचा अर्थ काय हें विचारण्याचें कोणास सुचत नाहीं. जें पाहण्याजोगें तें प्रेक्षणीय, इतकें व्याकरण सांगतें. पण पाहून झाल्यावर पाहणारा त्या स्थळाचें कांहीं देणें लागतो कीं नाहीं, हें सांगणें व्याकरणाचें काम नव्हे. पंढरीच्या वारकऱ्यास हा प्रश्न पडत नाहीं. तो देणें फेडावयासच घरून निघालेला असतो. आधुनिक प्रवाशाचें तसें नाहीं. त्याच्या सहलीची सारी गोडीच यांत आहे, कीं ज्या गांवीं तो जातो त्या गांवाशीं त्याचा कसलाही हिशेब नसतो. हॉटेलचें बिल चुकतें केलें कीं तो मोकळा.

हा मोकळेपणा निर्दोष आहे काय, असा प्रश्न गेल्या वर्षीं पोर्ट लुई येथें आमच्या मनांत उभा राहिला, आणि तो अद्याप तेथून हललेला नाहीं.

मॉरिशसची ही राजधानी मुंबईहून विमानानें अवघ्या कांहीं तासांवर आहे. शहर लहानसें, पण निसर्गानें त्याला बसावयास दिलेली जागा मोठी देखणी. समोर बंदराचें निळें पाणी, पाठीशीं डोंगरांची अर्धवर्तुळाकार रांग. एका शिखराचें नांव 'ल पूस', म्हणजे आंगठा. आणि तें खरोखरच मुठींतून वर काढलेल्या आंगठ्यासारखें दिसतें. पलीकडे 'पीटर बॉथ'. त्याच्या सुळक्यावर एक प्रचंड धोंडा मस्तकासारखा तोलून बसला आहे, आणि तो आज पडेल कीं उद्यां, असें पाहणारास सारखें वाटत राहतें. हें सर्व एका दृष्टिक्षेपांत पाहावयाचें असेल तर शहराच्या मध्यावरील टेकडीवर, ॲडलेड किल्ल्यांत जावें. पायथ्याशीं १८१२ सालापासूनचें घोड्यांच्या शर्यतींचें मैदान, मग घरांचीं छपरें, मशिदीचे मनोरे, त्यांपलीकडे जहाजें. संध्याकाळची वेळ होती. आमच्या कुटुंबानें छायाचित्रें घेतलीं, आम्ही तटास टेकून उभे राहिलों, आणि कितीतरी वेळ कोणी कांहीं बोललें नाहीं.

सौंदर्यशास्त्र शिकवितांना आम्ही वर्षानुवर्षें विद्यार्थ्यांस कांटनें दिलेलें राजवाड्याचें उदाहरण सांगत आलों आहों. समोरचा राजवाडा सुंदर आहे काय, असें कोणी विचारलें, तर थोरामोठ्यांनीं गरिबांचा घाम असल्या निरुपयोगी वस्तूंवर उधळला म्हणून तुम्ही त्यांस दोष देऊं शकाल; तो दोष कोणी मान्यही करील; पण विचारलेल्या प्रश्नाचें तें उत्तर नव्हे, असें हा तत्त्वज्ञ १७९० सालच्या आपल्या ग्रंथांत म्हणतो. राजवाडा नुसता पाहून तुम्हांस आनंद होतो कीं नाहीं, एवढेंच सांगा. आम्हांस हें विवेचन नेहमीं निरुत्तर करणारें वाटत असे. त्या संध्याकाळीं तटावर टेकलेले असतांनाही तें तसेंच वाटलें, हें कबूल केलें पाहिजे.

पण तो तटही नुसता पाहण्यासाठीं बांधलेला नव्हता. १८३४ सालीं इंग्रजांनीं त्याचें काम काढलें, तेव्हां बेटावरील फ्रेंच मळेवाले गुलामगिरी बंद होणार म्हणून खवळलेले होते, आणि तोफांचा धाक सरकारला हवा होता. १८३५ च्या फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेस गुलाम मुक्त झाले. मालकांस नुकसानभरपाई म्हणून वीस लाखांहून अधिक पौंड मिळाले. गुलामांस कांहीं मिळालें नाहीं. उंसाच्या मळ्यांस हात तर हवेच होते. त्यांची तजवीज आधींच लागली होती. १८३४ च्या नोव्हेंबरच्या दुसऱ्या तारखेस 'ॲटलास' नांवाचें जहाज कलकत्त्याहून छत्तीस करारबद्ध मजूर घेऊन याच बंदरास लागलें. पुढें १९२० पर्यंत त्यांच्या मागून सुमारे साडेचार लाख माणसें आलीं. बहुतेक बिहारकडचीं, कांहीं मद्रासेकडचीं, आणि थोडीं मुंबई इलाख्यांतलीं, म्हणजे कोकणांतलीं व घाटावरचीं.

तीं ज्या दगडी पायऱ्यांवरून चढलीं त्या पायऱ्या बंदराच्या कांठीं अजून आहेत. पूर्वीं त्या जागेस 'कुली घाट' म्हणत; १९८७ सालीं 'आप्रवासी घाट' हें नांव दिलें गेलें, आणि २००६ सालीं युनेस्कोनें तिला जागतिक वारशांत घेतलें. १८४९ सालीं बांधावयास घेतलेल्या त्या आवारांतलें आतां थोडेंच उरलें आहे. दरवाजा, दवाखान्याची इमारत, स्वयंपाकाच्या जागेच्या भिंती. शेजारून मोटारींचा हमरस्ता धो धो वाहतो. जवळच्या धक्क्यावरील बाजारांत रंगीत छत्र्या टांगल्या आहेत. त्यांच्याखालीं सारीं जणें आनंदानें चित्रें काढून घेतात. आम्हीही घेतलीं.

चित्रांवरून सांगावयाचें म्हणजे, मजुरांचींही छायाचित्रें घेतलेलीं आहेत. १८६७ च्या कायद्यानें पहिला करार संपलेल्या मजुरालाही आपलें छायाचित्र लावलेला दाखला जवळ बाळगणें भाग झालें. तो नसला कीं भटक्या म्हणून पोलिसांनीं धरावयाचें. महिना पांच रुपये पगार, आणि एक दिवस कामावर गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा कापावयाचा. तीं छायाचित्रें व नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत आज जपून ठेवलेल्या आहेत. एकाही चेहऱ्यावर हसूं नाहीं. आपल्याला कोण पाहणार आहे, हें त्यांना ठाऊक होतें.

आतां कांटचें काय करावयाचें? तो डोंगर मजुरांनीं रचला नाहीं. तो त्यांच्यापूर्वींही सुंदर होता. त्याच्या सौंदर्याला त्यांच्या दुःखाचा डाग लागत नाहीं, आणि लागतो असें म्हणणारे बहुधा डोंगराकडे न पाहतां स्वतःच्या हळवेपणाकडे पाहत असतात. घाटावर येऊन पांच मिनिटें चेहरा गंभीर करावयाचा आणि मग जेवावयास जावयाचें, हाही चैनीचाच एक प्रकार. त्यांत भर इतकीच, कीं आपण इतर प्रवाशांहून बरे, असा एक छुपा अभिमान फुकट मिळतो. १८३६ सालीं 'बीगल' जहाजांतून आलेला चार्ल्स डार्विन हाही येथें चार दिवसांचा पाहुणाच होता. तो ल पूस चढला, देखाव्यानें प्रसन्न झाला; पण सरकारी कामांवर राबणारे हिंदुस्थानी कैदीही त्याच्या नजरेंतून सुटले नाहींत, आणि त्यांच्या भारदस्त मुद्रांविषयीं त्यानें आदरानें लिहून ठेवलें. मग तो निघून गेला. याहून अधिक त्यानें काय करावयास हवें होतें, हें आम्हांस सांगतां येत नाहीं.

पण डार्विन त्या कैद्यांस 'आपलीं माणसें' म्हणाला नाहीं. आम्ही म्हणालों. घाटावर उभे राहतांच आमचा कंठ दाटून आला, आणि आपल्या कोकणांतलीं माणसें येथवर आलीं, त्यांनीं मराठी टिकविली, गणपति टिकविला, जाखडी टिकविली, असा अभिमानही वाटला. यांत खोटें कांहीं नाहीं. गणेशचतुर्थीस तेथें सार्वजनिक सुट्टी असते. पण हीं माणसें आपलीं केव्हांपासून झालीं? जहाज सुटलें तेव्हां तर तीं आमचीं नव्हतीं. समुद्र ओलांडणाऱ्यास पंक्तीस न घेणारा वर्ग आमचाच. आमच्या घराण्याचा कुळवृत्तांत छापलेला आहे. अकरा पिढ्यांची वंशावळ, कोणी कोठें कारकून, कोणी कोठें मामलेदार, सारें तपशीलवार. त्याच गांवच्या दुसऱ्या वाडींतून कोणी बोटींत चढलें असेल, तर त्याची ओळ त्या पुस्तकांत नाहीं. दीडशें वर्षांनीं सुट्टींत जाऊन नातें सांगावयास मात्र आम्ही तयार.

आणि तें नातें आम्हीं सांगितलेंही. घाटावर एक वृद्ध गृहस्थ भेटले. आमचें आपसांतलें बोलणें ऐकून ते थांबले आणि स्वच्छ, काहींशा ग्रांथिक मराठींत म्हणाले, "आपण महाराष्ट्रांतून आलांत ना?" ते तेथील शाळेंत मराठी शिकवीत असत, घरीं क्रिओल बोलतात. त्यांचें आडनांव म्हणजे नोंदवहींत उतरलेलें त्यांच्या पूर्वजाच्या बापाचें नांव. तेथें कित्येक घराण्यांचें तसेंच आहे. त्यांनीं खिशांतून घडी घातलेला कागद काढला. नोंदींतील गांवाचें नांव कोणा लेखनिकानें कानावर पडलें तसें रोमन अक्षरांत उतरून घेतलें होतें, जिल्हा रत्नागिरी. "हें कोणतें गांव असावें? आपण प्राध्यापक आहांत, आपणांस कळेल."

आम्हीं कागद पाहिला. तें पाली असूं शकेल, पालगड असूं शकेल, पालशेतही असूं शकेल. पण त्यांच्या चेहऱ्यावरची अपेक्षा पाहून आमच्या तोंडून निघून गेलें, "पाली. निःसंशय पाली." त्यांनीं तेथेंच कागदावर देवनागरींत तो शब्द लिहिला, दोनदां वाचला, आणि आमचा हात बराच वेळ सोडला नाहीं. आमच्या साऱ्या सहलींतला हा सर्वांत आनंदाचा क्षण होता. निर्हेतुक आनंद तो नव्हता, हें सांगावयास नकोच.

रात्रीं झोंप लागेना. किल्ल्यावरून बंदर पाहून आम्हीं कोणाचें कांहीं बिघडविलें नव्हतें. बिघडविलें तें आपलेपणानें. चार दिवसांत निघून जाणारा माणूस दुसऱ्याला त्याचें गांव देऊन जातो, आणि तें चुकीचें निघालें तर पाहावयास तो तेथें नसतो. विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेंत 'निःसंशय' हा शब्द आम्ही अनेकदां खोडला आहे.

मुंबईस परतल्यावर त्यांना पत्र लिहिलें. पाली म्हणण्यास आमच्याजवळ कांहींच आधार नव्हता, तिन्ही नांवें तितकींच संभवनीय आहेत, आणि आपणांस बरें वाटावें म्हणून आम्ही तसें बोललों, असें स्पष्ट कळविलें. हें पत्र लिहावयास आम्हांस तीन आठवडे लागले.

उत्तर मात्र आठ दिवसांत आलें. रागाचा शब्द त्यांत नव्हता. तिन्ही नांवें वहींत एकाखालीं एक लिहून ठेवलीं आहेत, असें त्यांनीं लिहिलें होतें. येत्या डिसेंबरांत त्यांची मुलगी प्रथमच हिंदुस्थानांत येणार आहे. तिला त्या तिन्ही गांवीं जाऊन यावयाचें आहे. तिची मराठी कच्ची आहे, तेव्हां आपण बरोबर जाऊं शकाल काय, अशी विचारणा होती. होय म्हणून आम्हीं कळविलें आहे. पालींत, पालगडांत वा पालशेतांत आमच्या ओळखीचें एकही घर नाहीं. दिवाळीनंतर एकदां आधीं जाऊन यावें, असें मनांत आहे.