पाहिलं त्याला हसावं का?



उडत्या तबकड्यांचा एखादा व्हिडिओ गटात आला की लगेच दोन तट पडतात. काहींना दुसऱ्या लोकीचे पाहुणे दिसतात, काही जण हसरे चेहरे टाकून मोकळे होतात. तबकडी खरी की खोटी, हे इथं बसून आपल्याला ठरवता येणार नाही. पण सत्तेवरच्या माणसानं अशा वेळी कसं वागावं, हा प्रश्न आपल्या आवाक्यातला आहे.

१३ मार्च १९९७ च्या रात्री अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, फीनिक्स शहरावर, पुष्कळ लोकांनी आकाशात दिव्यांची रांग पाहिली. बाणाच्या टोकासारखा प्रचंड आकार होता आणि आवाज नव्हता, असं कित्येकांचं म्हणणं. फ्रान्सिस बारवुड या नगरसेविकेनं एवढंच विचारलं, की याची कोणी चौकशी करतंय का? ‘परग्रहावरून कोणी आलं’ असं बाई म्हणाल्याच नव्हत्या. तरी त्यांची भरपूर टर उडवली गेली. जूनमध्ये गव्हर्नर फाइफ सायमिंग्टन यांनी पत्रकारांना बोलावलं, गुन्हेगार सापडल्याचा आव आणला, आणि परग्रहवासीयाचा मुखवटा चढवलेला, बेड्या घातलेला आपलाच एक अधिकारी समोर उभा केला. झालं, हशा!

दहा वर्षांनी, २००७ मध्ये, हेच सायमिंग्टन म्हणाले की त्या रात्री आपणही ते पाहिलं होतं. लोक घाबरू नयेत, वातावरण हलकं व्हावं, म्हणून तो विनोद केला.

हे कारण आम्हाला पटत नाही. अंधारात लेकरू घाबरलं तर आई ‘काही नाही रे’ म्हणते, ते खोटंही असेल, पण तिनं त्याचा हात धरलेला असतो. इथं स्वतः त्याच अंधारात असलेल्या माणसानं बाकीच्यांना हास्यास्पद ठरवलं. ज्याला पाहिलेलं सांगायचं होतं, त्यानं त्या दिवसानंतर तोंड कशाला उघडावं?

राज्याला गुपितं ठेवावी लागतात, हे मान्य. १९४७ मध्ये रॉसवेलजवळ अवशेष सापडले तेव्हा सैन्यानं हवामानाचा फुगा म्हणून सांगितलं. खरं तर सोव्हिएत अणुस्फोटांची चाहूल घेणाऱ्या गुप्त प्रकल्पाचे ते फुगे होते, हे हवाई दलानं १९९४ मध्ये उघड केलं. तोवर लोकांच्या मनात संशयाचं रान माजलं होतं, आणि खरं सांगितल्यावरही अनेकांनी विश्वास ठेवला नाही. जिमी कार्टर यांचं थोडं वेगळं. १९६९ मध्ये त्यांनी स्वतः आकाशात काहीतरी पाहिलं, निवडणुकीच्या प्रचारात सगळी माहिती खुली करू म्हणाले, आणि राष्ट्राध्यक्ष झाल्यावर गप्प बसले. शब्द पाळला नाही, हा दोष आहेच. पण पाहणाऱ्याची चेष्टा तरी त्यांनी केली नाही.

याच सरकारनं एक बरं कामही केलंय बरं का. हवाई दलाच्या ‘ब्लू बुक’ प्रकल्पात १९६९ पर्यंत १२,६१८ नोंदी जमल्या. त्यांतल्या ७०१ प्रकरणांचा उलगडा झाला नाही, आणि ते तसंच लिहून ठेवलं. ‘कळलं नाही’ असं सरकारी कागदावर लिहायला धाडस लागतं. आता उलगडा झाला नाही म्हणजे परग्रहावरचं यानच, असंही धरून चालू नये. फीनिक्सला त्या रात्री उशिरा दिसलेले दिवे सरावात विमानांनी सोडलेले प्रकाशगोळे होते, असं सैन्याकडून पुढे सांगण्यात आलं. हेच आधी, शांतपणे, पाहणाऱ्यांचं ऐकून घेऊन सांगता आलं असतं की!

बारवुडबाई पुढल्या वर्षी राज्यपातळीवरच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या आणि पडल्या. सातशेहून अधिक साक्षीदारांशी आपण बोललो, असं त्यांनी सांगितलंय. सरकारनं मात्र त्यांतल्या एकालाही विचारलं नाही, असं त्या म्हणतात.