पॅटर्न, लक्षण आणि बोडी

मजकुराच्या ढिगातून हवी तेवढी माहिती यंत्राकडून वेचून घ्यायची, तर तिचे रूप आधी नियमात बांधावे लागते. या नियमाला प्रोग्रामर पॅटर्न किंवा रेजेक्स म्हणतात. 'एक किंवा अधिक अंक' हे [०-९]+ असे लिहितात. (तलाव|बोडी) म्हणजे या दोहोंपैकी कोणताही शब्द चालेल. अमेरिकी गणिती स्टीफन क्लीनी यांच्या १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात या पद्धतीचा पाया आहे. असे नियम मजकुरावर झपाट्याने चालवण्याची रीत केन थॉम्प्सन यांनी १९६८ मध्ये मांडली. आज बहुतेक प्रोग्रामिंग भाषांच्या लायब्ररीत ही सोय मिळते. पण तिच्या मुळाशी असलेला प्रश्न दर्शनशास्त्राचा आहे: रूपावरून वस्तू ओळखता येते का, आणि येत असेल तर कुठवर?

न्यायदर्शनाने या प्रश्नाची मांडणी फार पूर्वी केली. वात्स्यायनाच्या न्यायभाष्यात शास्त्राच्या प्रवृत्तीचे तीन टप्पे सांगितले आहेत. वस्तूचे नाव घेणे हा उद्देश, इतरांपासून तिला वेगळी करणारा धर्म सांगणे हे लक्षण, आणि ते लक्षण खरोखर लागू पडते की नाही हे तपासणे ही परीक्षा. लक्षणाचे दोषही तीन मानले जातात. जिथे लागायला हवे तिथे काही ठिकाणी न लागणे ही अव्याप्ती, नको तिथेही लागणे ही अतिव्याप्ती आणि कुठेच न लागणे हा असंभव. 'तपकिरी ती गाय' म्हटले की पांढरी गाय सुटते, 'शिंगे असलेली ती गाय' म्हटले की म्हैसही आत येते, आणि 'एकखुरी ती गाय' म्हटले की एकही गाय सापडत नाही. पॅटर्न हे याच अर्थाने लक्षण आहे, आणि त्याचे दोषही हेच तीन.

भंडारा जिल्ह्यातले उदाहरण घेतले की हे नेमके कळते. हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. इथले माजी मालगुजारी तलाव, म्हणजे लोकांच्या बोलण्यातले 'मामा तलाव', मालगुजारी ही जुनी जमीनमहसुलाची पद्धत संपल्यावर शासनाकडे आले. तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा मोठा वाटा मानला जातो. गावकऱ्यांचे पाण्यावरचे आणि चराईवरचे हक्क निस्तारपत्रकांत आणि वाजिब-उल-अर्जांत नोंदले जात. समजा, अशा कागदांचा टंकलिखित मजकूर हाताशी आहे आणि त्यातून पाणसाठ्यांची यादी करायची आहे. पॅटर्न म्हणून नुसते 'तलाव' दिले, तर शेताच्या वरच्या अंगाला पाणी अडवून केलेली 'बोडी' सुटते. ही अव्याप्ती. 'तलावालगतची पडीत' अशी जमिनीची नोंद मात्र यादीत येऊन बसते, कारण तिच्यातही तीच अक्षरे आहेत. ही अतिव्याप्ती. लाखनी तालुक्याच्या नोंदी काढण्यासाठी 'लाख' एवढेच दिले तर लाखांदूरही हाती लागते. गट क्रमांकासाठी अंक, तिरकी रेघ, पुन्हा अंक असा नियम केला तर १२/५ ही तारीखही त्यात बसते, आणि इंग्रजी अंकांत लिहिलेला गट मात्र बाहेर राहतो.

असंभवाचे उदाहरण याहून बोलके आहे. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या मूळ लायब्ररीत 'शब्दात येणारे चिन्ह' असा एक तयार वर्ग आहे. त्यात देवनागरी व्यंजने आणि स्वतंत्र स्वर बसतात. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार बसत नाहीत, कारण युनिकोडमध्ये ती जोडचिन्हे म्हणून वेगळी नोंदलेली आहेत आणि या वर्गात फक्त अक्षरे, अंक आणि अधोरेषा धरली जाते. म्हणून 'साकोली' या नावाचे स, क आणि ल असे तीन तुकडे हाती येतात. 'संपूर्ण नाव याच वर्गातल्या चिन्हांचे असावे' असा नियम केला तर भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी या सातही तालुक्यांपैकी एकही नाव बसत नाही. सातही नावांत या जोडचिन्हांपैकी एखादे तरी आहेच. हा दोष यंत्राचा नव्हे. वर्गाचे लक्षण करताना जी उदाहरणे डोळ्यांसमोर होती, त्यांत मात्रा स्वतंत्र चिन्ह म्हणून येणारी लिपी नसावी. पायथॉनसाठीच केलेल्या वेगळ्या 'रेजेक्स' लायब्ररीत मात्रांना शब्दात जागा मिळते.

बौद्ध तर्काने याच प्रश्नाला दुसऱ्या बाजूने हात घातला. दिङ्नागाच्या अपोहवादानुसार शब्द कोणत्याही सामान्याकडे बोट दाखवत नाही. तो फक्त बाकीचे वगळतो. 'गाय' म्हणजे जे अ-गाय नाही ते. पॅटर्न लिहिणारा हे रोज करतो: [^/] म्हणजे तिरकी रेघ सोडून काहीही. नोंदी किती परीने लिहिल्या जातील हे सांगता येत नाही, पण त्यांच्यामधली खूण ठाऊक असते, तेव्हा वगळण्याचा नियमच टिकतो. पण काय वगळायचे हे ठरवायला, काय ठेवायचे आहे याची कल्पना आधीच लागते. अपोहवादावर नैयायिकांनी आणि मीमांसकांनी घेतलेला मुख्य आक्षेप याच वळणाचा होता.

न्यायसूत्रांच्या मते पदाचा अर्थ व्यक्ती (एकेक वस्तू), आकृती (तिचे रूप) आणि जाती (सगळ्यांत समान असलेला धर्म) या तिन्हींनी बनतो. त्या चर्चेत मातीच्या गाईचा दाखला येतो: तिला आकृती आहे, पण गोत्व, म्हणजे गाईपणा, नाही. पॅटर्नची पकड आकृतीपुरतीच असते. बुजून गेलेला तलाव कागदावर तलावच राहतो आणि पॅटर्नला सापडतो. नोंदच नसलेला भरलेला तलाव सापडत नाही. 'भंडारा' ही अक्षरे शहराची आहेत, तालुक्याची, जिल्ह्याची, देवळातल्या जेवणाची की खंडोबाच्या हळदीची, हे आजूबाजूच्या मजकुरावरून ठरवावे लागते. पॅटर्नला शेजारचे शब्दही तपासायला लावता येतात, पण ते शब्द म्हणजे पुन्हा आकृतीच.

म्हणून परीक्षेचा टप्पा टाळता येत नाही. तो शिस्तीने करण्याची रीत साधी आहे. सापडायलाच हव्यात अशा नोंदींची एक यादी ठेवायची. तिच्यातून अव्याप्ती उघडी पडते. सापडू नयेत, पण दिसायला तशाच आहेत, अशांची दुसरी यादी ठेवायची. तिच्यातून अतिव्याप्ती कळते. उत्तर शून्य आले तर मजकूर कोरा आहे असे न मानता आधी असंभवाची शंका घ्यायची. उरलेला प्रश्न मात्र कोणतीही यादी सोडवत नाही: गाळाने भरून शेत झालेली बोडी या कामापुरती पाणसाठा धरायची की नाही? सिंचनाचा हिशेब करणारा तिला वगळेल. जुन्या हक्कांचा शोध घेणारा धरेल. तो निर्णय उद्देशाचा आहे, आणि तो पॅटर्न लिहिण्याआधीच व्हावा लागतो.