हांकांची मोजदाद

एकाच गोष्टीसाठीं कोणी दहा वेळां हांक मारली, तर हांक एक धरावी कीं दहा? प्रश्न नीतीचा खरा. पण संगणकाचा कारभार पाहणाऱ्या यंत्रणेसही तो चुकलेला नाहीं.

लिनक्स या संगणक-प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, चालू असलेल्या प्रत्येक प्रोसेसला वेळोवेळीं सूचना पोंचवितो. ह्या सूचनांस सिग्नल म्हणतात. पहिले 31 सिग्नल जुन्या रीतीचे. प्रोसेसनें एखादा सिग्नल कांहीं काळ थोपवून धरला असतां तोच दहा वेळां आला, तरी कर्नल एकच खूण करून ठेवतो आणि पुढें तो एकदांच पोंचवितो. उरलेल्या नऊ हांकांचा हिशेब कोठेंच राहत नाहीं. पुढें 1993 सालीं पॉसिक्स प्रमाणांत ‘रिअल-टाइम’ सिग्नल आले. त्यांत प्रत्येक हांकेस रांगेंत निराळी जागा मिळते. लहान क्रमांक आधीं, आणि समान क्रमांकांत आधीं येणारा आधीं. रांग भरली, तर पाठविणाऱ्यास तसा नकार कळतो.

तेव्हां रांग न्यायाची आणि खूण अन्यायाची, असें वाचकांस वाटेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. एका प्रोसेसनें जन्मास घातलेली दुसरी प्रोसेस संपली, म्हणजे जनकास जुन्या रीतीचाच सिग्नल जातो. एकदम तीन अपत्यें संपलीं, तरी हांक एकच येण्याचा संभव असतो. म्हणून सुज्ञ प्रोग्रामर एका हांकेवर थांबत नाहीं. आणखी कोणी संपलें आहे काय, हें ‘कोणी नाहीं’ असें उत्तर येईपर्यंत तो विचारावयास लावतो. जो एकाचीच विचारपूस करून स्वस्थ बसतो, त्याच्या यादींत मृतांच्या नोंदी तशाच पडून राहतात. त्यांस ‘झॉम्बी’ हें नांव आहे.

सारांश, दहा हांकांची एक खूण करणें हा दोष नव्हे. एका खुणेमागें एकच गरज आहे असें मानणें हा दोष होय. कचेरींत एका विषयाचे दहा अर्ज एकाच फायलींत जातात. घरांत आजारी माणसाचें दहा वेळां सांगणें ‘त्याचें नेहमींचेंच’ या एका शब्दांत मावतें. सर्व हांका मोजीत बसणें कोणासच शक्य नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु जी एक हांक आपल्यापर्यंत पोंचली, तिच्यामागें आणखी कोण उभें आहे, हें उठून पाहणें मात्र सर्वांस शक्य आहे. आणि तें हांक मारणाऱ्याचें नव्हे, ऐकणाऱ्याचें कर्तव्य आहे.