धुकं, घाई आणि चूक कोणाची

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



दर गुरुवारच्या या पत्रात आपण सत्संगातला एखादा विषय घेतो. या वेळचा विषय रस्त्यावरचा आहे. गेलं वर्षभर तो आमच्या मनातून जात नाही. आता थंडी पुन्हा सुरू झाली आहे, लोकांचे प्रवास सुरू झाले आहेत, म्हणून लिहायलाच हवं असं वाटलं.

गेल्या वर्षी पौषात आम्ही ग्वाल्हेरच्या अकरा जणी मथुरेला निघालो होतो. तिथे महाराजांचा मुक्काम होता आणि सकाळी दहाला पाद्यपूजा होती. भाड्याची गाडी ठरवली, पहाटे पाचला निघायचं ठरलं. त्या दिवशी कोहरा (आपल्याकडे धुक्याला घरोघरी कोहराच म्हणतात) असा पडला होता की गल्लीत समोरच्या घराचा दिवा दिसेना. ड्रायव्हर तरुण मुलगा, पण समंजस. तो म्हणाला, "माँजी, आठ बजे तक रुक जाते हैं, थोड़ा छँट जाएगा."

आम्ही त्याला काय उत्तर दिलं ते आम्हाला अजून पाठ आहे. एक म्हणाली, पाद्यपूजा चुकेल. दुसरी म्हणाली, महाराजांच्या दर्शनाला निघालोय, काही होत नाही. तिसरी म्हणाली, "भैया, तुम तो रोज़ चलाते हो." आम्ही सगळ्या त्याच्या आईच्या वयाच्या. तो काय बोलणार? निघाला.

बानमोर मागे पडेपर्यंत तो अगदी हळू चालवत होता. आमचं भजन चालू होतं. मग कुणीतरी घड्याळ पाहून म्हटलं, "असं चाललो तर अकरा वाजतील." त्याने ते ऐकलं आणि वेग वाढवला. पाच-सात मिनिटं गेली असतील. एकदम समोर एक मोटारसायकल. दोन्ही बाजूंना दुधाच्या रिकाम्या टाक्या, मागे लाल दिवा नाही, अंगावर काळं घोंगडं, डोक्याला हेल्मेटच्या जागी मफलर. गावांतून दूध गोळा करायला निघालेला माणूस होता तो. त्याने ब्रेक मारला, आमच्या मुलानेही मारला, पण अंतर उरलंच नव्हतं. त्या रिकाम्या टाक्या रस्त्यावर गडगडत गेल्या, तो आवाज आजही ऐकू येतो.

तो माणूस वाचला. देवाची कृपा. पण मांडीचं हाड मोडलं, दोन शस्त्रक्रिया झाल्या, सहा महिने घरी बसला.

आता मूळ विषयाकडे येऊ. त्या रस्त्यावर पहिल्या दहा मिनिटांत काय झालं? ड्रायव्हर म्हणाला, त्याच्या गाडीला लाइट नव्हती. जमलेले लोक म्हणाले, तुझी गाडी जोरात होती. आमच्यातली एक डोळे पुसत म्हणाली, प्रारब्ध, दुसरं काय. पोलिसांनी विचारलं, मोटारसायकलला मागचा दिवा होता का? आम्ही सांगितलं, नव्हता. ते खरंच होतं. पहाटे पाचला निघायचा हट्ट कोणाचा होता, हे कोणी विचारलं नाही. म्हणून आम्ही सांगितलंही नाही. त्या मुलानेही आमचं नाव घेतलं नाही. हयगयीने गाडी चालवल्याचा गुन्हा त्याच्या एकट्याच्या नावावर नोंदला गेला.

कायदा आपल्या रीतीने चूक शोधतो, आणि ते आवश्यकच आहे. भरपाईच्या दाव्यात मोटार अपघात दावा न्यायाधिकरण पाहतं की गाडीवाल्याचा निष्काळजीपणा किती आणि जखमी माणसाचा स्वतःचा किती. त्याचाही काही वाटा निघाला तर तेवढी रक्कम कमी होते. हा हिशेब करावाच लागतो, नाहीतर कोणाला काही मिळणार नाही. पण या हिशेबात मागच्या सीटवर बसून "चल, चल" म्हणणाऱ्याच्या वाट्याला शून्य येतं. आम्ही त्या शून्यावर खूश होतो. रात्री झोप मात्र येत नव्हती.

तेव्हा वाटणीचाच विचार मनात आला. घर, शेत, दागिने यांची वाटणी होते, आणि वाटेकरी वाढले की प्रत्येकाचा हिस्सा कमी होतो. पण सुतकाची वाटणी होत नाही. चार भाऊ आहेत म्हणून प्रत्येकाला अडीच दिवसांचं सुतक येत नाही. ज्याला त्याला पूर्ण दहा दिवस. आम्हाला वाटतं, अपघाताची जबाबदारी या सुतकासारखी आहे. दूधवाल्याने दिवा लावला नाही हे खरं, पण त्यामुळे ड्रायव्हरची जबाबदारी अर्धी होत नाही. ड्रायव्हरने वेग वाढवला, त्यामुळे आमची कमी होत नाही. पैशाची भरपाई वाटून घ्यावी. मनाला मात्र ज्याने त्याने आपलं पूर्ण विचारावं.

आता प्रारब्धाविषयी. हा शब्द आपल्या परिवारात आपण रोज वापरतो, म्हणून जरा स्पष्टच लिहितो. आपल्या हातून कोणाला लागलं की आपण म्हणतो प्रारब्ध. दुसऱ्याच्या हातून आपल्याला लागलं की म्हणतो बेपर्वाई. आमच्यातल्याच एकीच्या सासूबाईंना दोन वर्षांपूर्वी स्कूटरने धडक दिली, तेव्हा आम्हीच सगळ्या म्हणत होतो की त्या मुलाला सोडू नका. तेव्हा प्रारब्ध कोणाला आठवलं नाही. एकाच शब्दाने आपल्याला सुटका द्यायची आणि तोच शब्द दुसऱ्याला द्यायचा नाही, हे काही अध्यात्म नव्हे.

आम्हाला जे कळलं ते एवढंच. प्रारब्ध हा शब्द स्वतःचं दुःख सोसायला आहे. दुसऱ्याच्या दुःखाचं कारण सांगायला तो वापरू नये, आणि ते दुःख आपल्या हातून झालं असेल तर मुळीच नाही. त्या दूधवाल्याने खाटेवर पडून "माझं प्रारब्ध" म्हटलं तर ते त्याचं मोठेपण. आम्ही म्हटलं तर ती पळवाट.

रामायणातली श्रावणबाळाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, मुलांना सांगतो. पण या वेळी ती आठवली ती दशरथाच्या बाजूने. रात्रीचा अंधार, शरयूचा काठ, घागर भरण्याचा आवाज. हत्ती पाणी पितोय असं समजून त्याने आवाजावर बाण सोडला. त्याला मुलगा मारायचा नव्हता. त्याला माहीत नव्हतं. पण जिथे दिसत नाही तिथे त्याने बाण सोडला, ही त्याची चूक. शब्दवेध येतो याचा अभिमान, तोही त्यात होता. धुक्यात साठच्या वेगाने जाणं आणि "रोज़ चलाते हो" म्हणणं यापेक्षा वेगळं काय आहे?

मात्र त्याच्यापुढची गोष्ट आपण घाईघाईत सांगून टाकतो. दशरथ राजपुत्र होता, अंधार होता, कोणी पाहिलं नव्हतं. तो निघून जाऊ शकला असता. तो त्या मुलाजवळ गेला, मग पाण्याचं भांडं उचलून स्वतः त्या आंधळ्या आई-बापांकडे गेला आणि मी कोण, माझ्या हातून काय झालं, ते सांगितलं. शाप मिळणार हे दिसत असताना सांगितलं. ती गोष्ट त्याने आयुष्यभर मनात वागवली आणि राम वनात गेल्यावर, शेवटच्या घटकेला, कौसल्येजवळ बोलून दाखवली. अजाणता झालेली चूक माणसाच्या हातून होतेच. पाणी घेऊन कोण जातं, हा खरा प्रश्न.

आम्ही पाणी घेऊन गेलो, पण अठरा दिवसांनी. आमच्यातल्या काहींना ते पटलं नव्हतं. वकिलांना विचारल्याशिवाय जाऊ नका, असंही घरून सांगितलं गेलं. शेवटी पाच जणी गेलो. घरात ती बाई, दोन मुलं आणि खाटेवर तो. आम्ही सांगितलं की गाडीत आम्ही होतो, ड्रायव्हर थांबायचं म्हणत होता, घाई आम्ही केली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग एवढंच विचारलं, "ऐसी का जल्दी हती?"

आमच्याकडे उत्तर होतं, पण ते तोंडातून निघेना. देवाच्या दाराशी वेळेवर पोहोचायचं होतं, असं त्या घरात उभं राहून कसं सांगणार?

तिने क्षमा केली का, माहीत नाही. आम्ही मागितलीही नाही, कारण मागितली असती तर तिला "जाऊ द्या" म्हणावं लागलं असतं. एक म्हैस विकावी लागेल असं ती म्हणाली. आम्ही भिशीचे पैसे नेले होते, ते उपकार म्हणून देऊ नयेत एवढं भान ठेवलं. पुढे दोघी जणी पोलिसांकडे जाऊन लेखी देऊन आल्या की निघण्याचा आग्रह प्रवाशांचा होता. त्याने त्या मुलावरचा खटला संपला नाही. पण त्या दिवसानंतर तो आमच्याशी पुन्हा बोलू लागला.

सत्संगात एका काकांनी आक्षेप घेतला होता, तोही लिहिते पाहिजे. ते म्हणाले, असा दोष लावून घ्यायचा तर माणसाने घराबाहेर पडायचंच नाही का? आणि दिवा न लावणारा अगदी निर्दोष? काकांचं अर्धं बरोबर आहे. स्वतःला कोसत बसण्याने कोणाचं हाड जुळत नाही, आणि तोही एक प्रकारचा अहंकारच आहे. दूधवाल्याच्या दिव्याचा हिशेबही आहेच, पण तो त्याचा. आपण आपला हिशेब पुरा करायचा आणि पुढच्या वेळी वेगळं वागायचं. जबाबदारी म्हणजे तेवढंच.

म्हणून आता थोडं व्यवहाराचं. देशात 2022 या एका वर्षात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली. त्यांत शेकडा 44 च्या आसपास दुचाकीवर होती. हवामान खात्याच्या भाषेत 50 मीटरच्या आतलं दिसत नसेल तर ते अतिदाट धुकं. ताशी 60 किलोमीटरच्या वेगात गाडी एका सेकंदात 16 ते 17 मीटर जाते. समोरचं दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक-दीड सेकंद जातो, मग गाडी थांबायला आणखी वीसेक मीटर. दव पडून रस्ता ओला असला किंवा गाडी भरलेली असली तर त्याहूनही जास्त. म्हणजे दिसेपर्यंत वेळ गेलेली असते. ताशी 30 च्या वेगात हीच गाडी साधारण वीस मीटरच्या आत थांबते. नियम सोपा आहे: जेवढं दिसतं तेवढ्यात थांबता येईल एवढाच वेग. तेवढंही दिसत नसेल तर निघायचंच नाही.

धुक्यात दिवा खालचा ठेवावा. वरचा लावला तर उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावून ठेवू नयेत, आपण कुठे वळतोय ते मागच्याला कळत नाही. दुचाकीवाल्याने मागचा दिवा तपासावा, वरून फिकट रंगाचं काही घालावं, हेल्मेट तर हवंच. बेळगाव-गोव्याकडच्या भगिनींकडे असा कोहरा पडत नसेल, पण चोर्ला घाटातलं पावसाळी धुकं त्यांना सांगायला नको.

आणि अपघात दिसला तर थांबा. मोटार वाहन कायद्यात 2019 साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे मदत करणाऱ्या वाटसरूला नाव सांगायची सक्ती करता येत नाही, त्याला खटल्यात अडकवता येत नाही. आमच्या त्या जखमी माणसाला पहिल्यांदा उचललं ते एका चहाच्या टपरीवाल्याने. आम्ही अकरा जणी होतो आणि त्यातल्या दोघीच खाली उतरल्या होत्या, हेही लिहून ठेवते.

आमच्या केंद्राने या वर्षी दोन गोष्टी ठरवल्या आहेत. मार्गशीर्ष आणि पौषात कोणत्याही उत्सवाला सकाळी आठच्या आधी गाडी निघणार नाही, पूजा चुकली तरी चालेल. आणि दर रविवारी पहाटे आम्ही काही जणी दूधवाल्यांच्या टाक्यांना मागच्या बाजूने लाल चमकणारी पट्टी चिकटवून देतो. पट्टी स्वस्त मिळते. सुरुवातीला ते हसले, आता स्वतःच थांबतात. इतर केंद्रांनीही आपापल्या गावात हे करून पाहावं.

शेवटचं, घरात बसलेल्या आपल्या सगळ्यांसाठी. आपण निघणाऱ्याला दारात म्हणतो, सावकाश जा. मग तासाभरात तीनदा फोन करतो: कुठपर्यंत आलात? अजून तिथेच? पानं घेऊन बसलोय. गाडी चालवणाऱ्याच्या पायावर हाही भार पडतो. यापुढे सावकाश म्हटलं की खरंच उशीर होऊ द्यायचा. जेवण गरम करता येतं.

सद्गुरूंच्या चरणी प्रार्थना की या थंडीत आपल्यापैकी सगळे, आणि आपल्या वाटेत येणारे सगळे, उशिरा का होईना, घरी पोहोचोत. 🙏

आपल्या,
ग्वाल्हेर केंद्राच्या सेवेकरी भगिनी