बोट न बुडाली तरी
इंग्रज तत्त्वज्ञ क्लिफर्ड यांनीं १८७७ सालीं एक जहाजमालक उभा केला: जुन्या जहाजाविषयींची शंका मनांतच दाबून तो उतारू रवाना करतो, जहाज सुखरूप पोहोंचलें तरी तो अपराधीच. निर्णय कठोर खरा, पण स्टर्नड्राइव्हच्या जुन्या मोटारबोटीकडे पाहतां तो आम्हांस पटतो. तींत एंजिन आंत, पंखा बाहेर; मधला सांधा भात्यासारख्या घडीदार रबरी आवरणांत. रबर वरून धड दिसतें, चीर मात्र घडीच्या पोटांत पडते. तींतून पाणी शिरून धक्क्याला बांधलेली बोटही बुडूं शकते. घडी नीट तपासावयाची तर बोट पाण्याबाहेर काढावी लागते, पैसे पडतात. मग मालक म्हणतो, 'गेल्या सालीं कोठें काय झालें?' ह्याला विश्वास म्हणावयाचें कीं सोय? बोटींत बसणाऱ्या पाहुण्याच्या पोराबाळांना त्या रबराचें नांवही ठाऊक नसतें.