गोड बोलणे की खरे बोलणे?

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढे भोसरी, आकुर्डी ते थेट चाकणपर्यंत कारखाने पसरले. तेव्हा हाताला काम येत असले की पुरे, असे आपण मानत होतो. आता आठवी-नववीच्या मुलांनाही ‘सॉफ्ट स्किल्स’ हवीत म्हणून आपण त्यांना शिबिरांना पाठवतो. तिथे ती हसून बोलायला, इंग्रजीत ओळख करून द्यायला शिकतात. हे चांगलेच आहे. पण एवढ्याने मूल गुणी होते, की नुसते गोडबोले?

जागतिक आरोग्य संघटनेने १९९०च्या दशकात शाळांसाठी दहा जीवनकौशल्ये मांडली. त्यांत संवादाबरोबर चिकित्सक विचार, निर्णयक्षमता आणि दुसऱ्याचे मन जाणणेही आहे.

जपानच्या टोयोटा कारखान्यात दोष दिसताच साधा कामगारही लाईन थांबवू शकतो. ती थांबवायला धैर्य लागते आणि ऐकून घेणाऱ्या साहेबाला नम्रता लागते. ब्रेकचा नट सैल दिसूनही कोणी बोलले नाही, तर ते रस्त्यावरच्या कुणाच्या तरी जिवावर बेतते. तिथे गोड हसणे कामाचे नाही.

हे धैर्य दोन दिवसांच्या शिबिरात येत नाही. घरी ‘उलट बोलू नकोस’ आणि वर्गात ‘गप्प बस’ एवढेच ऐकलेले मूल उद्या साहेबासमोर कसे बोलेल? म्हणून पालकहो, जेवताना मुलगी म्हणाली, ‘बाबा, मला हे पटत नाही,’ तर तिचे पूर्ण ऐकून घेऊ या. मुलाने चूक कबूल केली, तर आधी ती सुधारायला शिकवू या. मोठ्या कंपनीत नोकरी मिळो न मिळो, ज्याच्या शब्दावर विसंबता येईल असा माणूस तरी आपल्या घरात घडेल.