दोन सह्यांचे अनुदान

वैद्यकीय उपकरणांच्या संयुक्त संशोधनासाठी विद्यापीठांनी बीजभांडवल द्यावे, या सूचनेस आजकाल कोणी विरोध करीत नाही. आणि ज्या सूचनेस कोणीच विरोध करीत नाही तिचा अर्थ बहुधा कोणी पुरता ध्यानात घेतलेला नसतो, म्हणून हे भांडवल नेमके कशासाठी द्यावयाचे याचा थोडा विचार करणे मला अगत्याचे वाटते.

अमेरिकेतील बफेलो येथे अध्यापन करणाऱ्या विल्सन ग्रेटबॅच या अभियंत्याने हृदयाचे ध्वनी टिपण्यासाठी एक मंडल जोडीत असता त्यात भलताच रोधक बसविला आणि त्यातून नाडीसारखे थांबून थांबून विद्युत्स्पंद उमटू लागले, ही कथा पुष्कळांना ठाऊक असते. पुढची कथा मात्र क्वचितच सांगितली जाते. त्याच शहरातील माजी सैनिकांच्या रुग्णालयात विल्यम चार्डॅक नावाचे शल्यविशारद होते, आणि १९५८ साली त्या दोघांनी मिळून अशा स्पंदांनी हृदय चालविण्याचा प्रयोग प्रथम कुत्र्यावर करून पाहिला. तदनंतर ग्रेटबॅचने नोकरी सोडली, पदरचे २,००० डॉलर काढले, दोन वर्षांच्या कुटुंबखर्चाची निराळी तजवीज केली आणि घरामागच्या कोठारात बसून ५० पेसमेकर हाताने घडविले, त्यांपैकी ४० प्राण्यांसाठी आणि १० रुग्णांसाठी. प्रतिभेला अनुदानाची गरज नसते, असा निष्कर्ष यातून काढणारे काढतात. मला दिसते ते उलट आहे. सामग्रीस लागणारी रक्कम अल्प होती. दुर्मिळ होता तो दोन वर्षांचा निर्वेध काळ, आणि हाकेच्या अंतरावर असलेला, ऐकून घेण्यास तयार असा शल्यविशारद. या दोन्ही गोष्टी त्याला दैवाने मिळाल्या, आणि दैवाच्या भरवशावर विद्यापीठ चालविता येत नाही.

रक्तपेशी मोजण्याच्या पद्धतीचे एकस्व १९५३ साली मिळविणाऱ्या वॉलेस कोल्टर यांच्या संपत्तीतून उभ्या राहिलेल्या प्रतिष्ठानाने हे मर्म ओळखलेले दिसते. अमेरिकेतील विद्यापीठांना या प्रतिष्ठानाने जे साह्य दिले, त्यात प्रत्येक प्रकल्पास दोन प्रमुख हवेत, एक अभियंता आणि एक चिकित्सक, अशी अट होती. ही अट कारकुनी वाटते खरी. परंतु एरवी डॉक्टरचे नाव अर्जाच्या शेवटी ‘सल्लागार’ म्हणून शोभेसाठी लागते आणि सामंजस्य कराराच्या दिवशी शाल-श्रीफळ स्वीकारण्यापलीकडे त्याचा प्रकल्पाशी संबंध उरत नाही, हे ज्याने पाहिले आहे त्याला त्या दोन सह्यांची किंमत कळेल.

आपल्या देशातले याहून बोलके उदाहरण तिरुवनंतपुरमचे आहे. संधिवातज्वराने कोवळ्या वयात हृदयाच्या झडपा निकामी झालेले गरीब रुग्ण, आणि त्यांना न परवडणाऱ्या परदेशी कृत्रिम झडपा, या पेचातून श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. वलियाथन या शल्यविशारदांनी आणि भुवनेश्वर प्रभृती अभियंत्यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस कलत्या तबकडीच्या झडपेचे काम हाती घेतले. रुग्णालय आणि कर्मशाळा एकाच संस्थेची, कर्मशाळा तर त्रावणकोरच्या राजघराण्याने दिलेल्या राजवाड्यात. त्यामुळे शस्त्रक्रियागृहातली तक्रार कर्मशाळेपर्यंत पोहोचण्यास टपाल लागत नव्हते. तरीसुद्धा आधीचे तीन नमुने टाकून द्यावे लागले. टायटॅनियम झाले, नीलमण्याची तबकडी झाली, आणि अखेरीस कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूची चौकट व पॉलिएथिलीनची तबकडी असलेला चौथा नमुना डिसेंबर १९९० मध्ये प्रथम एका रुग्णाच्या हृदयात बसविण्यात आला. हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा स्पंदन पावते, म्हणजे वर्षास साडेतीन कोटींहून अधिक. इतक्या उघडझापीस झडप वर्षानुवर्षे टिकेल की नाही याची परीक्षा यंत्रावर कितीही वेगाने घेतली, तरी ती वित्तीय वर्षाच्या सोयीने संपत नाही.

आणि आपली अनुदाने तर वित्तीय वर्षावरच चालतात! तीन दरपत्रके, खरेदी समितीची मंजुरी, मग रक्कम हाती येते तो जानेवारी, आणि ३१ मार्चपूर्वी खर्च करून उपयोगिता प्रमाणपत्र धाडण्याचा तगादा. जुन्या अमदानीत दुष्काळ पडला म्हणजे शेतकऱ्याच्या तगाईची वसुलीदेखील तहकूब होत असे. संशोधकाच्या वाट्याला तेवढीही तहकुबी नाही. परिणामी पैसा यंत्रसामग्रीत जातो, कारण ती चटकन खरेदी होते आणि जडसंग्रहाच्या नोंदवहीत दिसते. केंद्राच्या बायरॅक संस्थेचे ‘बिग’ अनुदान ५० लाख रुपयांपर्यंतचे, १८ महिन्यांच्या मुदतीचे आहे. ते उपयुक्त खरेच, पण कल्पना काहीशी आकारास आल्यानंतरचे. त्याच्याही आधीची, प्रश्न नीट विचारला गेला आहे की नाही हे ठरविण्याची अवस्था विद्यापीठानेच पोसली पाहिजे. पवईच्या आयआयटीत राज्याच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या साह्याने २०१४ साली स्थापन झालेल्या ‘बेटिक’ केंद्राने, आणि पुणे-नागपूरच्या अभियांत्रिकी संस्थांतील त्याच्या शाखांनी, डॉक्टरांच्या अडचणीपासून आरंभ करण्याचा परिपाठ घातला, तो मला यासाठीच मोलाचा वाटतो.

माझी मागणी त्यामुळे फारशी भव्य नाही. न खर्चलेली रक्कम पुढील वर्षी नेण्याची मुभा असावी. टाकून दिलेल्या नमुन्याचा सविस्तर वृत्तांत हीसुद्धा प्रकल्पाची निष्पत्ती गणावी. आणि अंदाजपत्रकात आठवड्यातून अर्धा दिवस डॉक्टरच्या वेळेची तरतूद असावी. शेवटच्या बाबीवर कुलसचिवांच्या दफ्तरातून येणारा आक्षेप ठरलेला आहे: त्यांना वेतन मिळतेच, मग दुसऱ्यांदा पैसे कशाला? पैसे त्यांना द्यावयाचेच नाहीत. त्या अर्ध्या दिवशी बाह्यरुग्ण विभागात त्यांच्या जागी जो कनिष्ठ डॉक्टर बसेल, त्याचे वेतन रुग्णालयास द्यावयाचे आहे. आणि वर्षाकाठी होणारी ही रक्कम, विद्यापीठे वापराविना झाकून ठेवलेल्या यंत्रांच्या देखभाल-करारांवर जे खर्च करतात त्याहून अधिक भरेल, असे मला वाटत नाही.